वाचकांचे प्रश्न : निसर्ग वादळात कौलं उडालेलं घर, सव्वा एकर आगर आणि सातबाऱ्यावर सतरा नावं

प्रश्न : नमस्कार ताई, माझं माहेरचं घर दापोली तालुक्यात आहे, समुद्रापासून चार-पाच किलोमीटर आत. पणजोबांनी बांधलेलं, चौपाखी, जोतं चिऱ्याचं आणि वरच्या भिंती काही चिऱ्याच्या काही मातीच्या. आजी गेल्यापासून घर बंदच होतं, गणपतीला तेवढं उघडायचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्यात मागच्या पाखीची सगळी कौलं उडाली. काकांनी ताडपत्री घातली, ती पुढच्या पावसाआधीच फाटली. आता माजघराची एक भिंत अर्धी खाली आलीय, माळ्यावर चढायची हिंमत होत नाही, ओटीचे खांब मात्र ठणठणीत वाटतात. मागे सव्वा एकर आगर आहे, नारळ पोफळी आणि विहीर, सगळं रान माजलंय. सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत त्यातली सहा माणसं आता नाहीत. चुलतभाऊ म्हणतो पाडून टाकू आणि स्लॅबचा छोटा बंगला बांधू, त्याने आणलेला कॉन्ट्रॅक्टर पाच मिनिटं बघून म्हणाला यात काही राहिलं नाही. आमचे हे म्हणतात माहेरच्या घरात तू कशाला पैसे घालतेस. मला ते घर उभं करायचंय पण सुरुवात कुठून करू तेच कळत नाही.
— एक माहेरवाशीण, ठाणे

उत्तर : ताई, पहिली गोष्ट, पाडायचं की उभं करायचं हे या वर्षी ठरवूच नका. या वर्षी एकच काम, पाणी थांबवा. बाकी सगळं थांबू शकतं, पाणी थांबत नाही. कोकणात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तुमच्या घरात तो २०२० पासून थेट माजघरात पडतोय, तरी ओटीचे खांब उभे आहेत म्हणजे बांधणाऱ्याने चांगलंच बांधलं होतं.

ताडपत्री पुन्हा घालू नका. वारा खालून शिरतो, ती फुगते आणि जाताना शेजारची चार कौलं घेऊन जाते. त्याऐवजी वरच्या कुजक्या लाकडावर भार न देता बाहेरून बांबू नाहीतर लोखंडी पाइप उभे करून जुने पत्रे तात्पुरते घाला, चारी बाजूंनी मोकळं राहू दे, वारा खेळला पाहिजे. घराच्या मागे डोंगर असेल तर त्या बाजूची पन्हळ, म्हणजे जोत्याच्या मागून पाणी वळवणारा चर, तो नक्की बुजलेला असणार. तो उपसा. माझा अनुभव सांगते, निम्मी ओल वरून येत नाही, या मागच्या चरातून येते आणि लोक वर कौलांकडे बघत बसतात. भिंतीत पिंपळ किंवा उंबर उगवला असेल तर तो उपटू नका, मुळांबरोबर चिरे निघतात, बुंध्याशी कापा आणि पुन्हा फुटला की पुन्हा कापा, नाहीतर माहितगाराकडून औषध लावून मारा. आणि पडलेल्या भिंतीची माती बाहेर टाकू नका हां! तीच माती चाळून भिजवून परत भिंतीला लागते, फुकट आहे आणि त्याच घराची आहे.

आता तो कॉन्ट्रॅक्टर. "यात काही राहिलं नाही" याचा अर्थ बऱ्याचदा "मला येतं तसं यात काही नाही" एवढाच असतो. त्याला सिमेंट, सळई, स्लॅब माहीत, लाकडाचा सांधा त्याच्या मुलाला काय त्यालाही येत नाही, त्यात त्याची चूक नाही पण त्याचं मत घेऊन तुम्ही घर का पाडावं. गावात किंवा शेजारच्या गावात एखादा साठी-सत्तरीचा सुतार असतोच, ज्याने देवळाचं छप्पर केलंय, त्याला गाडी पाठवून आणा, चहापाणी, दिवसाची मजुरी द्या आणि त्याच्यासोबत घर फिरा. एक हातोडी आणि एक मोठा पेचकस बरोबर ठेवा. प्रत्येक खांब, तुळई, वासा वाजवून बघायचा, भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ बद्द आवाज आला तर तिथे पेचकस टोचायचा, आत किती जातो बघायचं. साग, फणस, आईन, किंजळ यातलं जुनं लाकूड मधे सहसा शाबूत असतं, कुजतं ते टोकाला. वाशाचं टोक भिंतीत शिरतं तिथे, खांब जमिनीला टेकतो तिथे. म्हणजे अख्खा वासा बदलायचा नसतो, टोकाचं दोन-तीन फूट कापून तिथे नवं लाकूड सांधायचं असतं. हे सुताराला सांगावं लागत नाही, कॉन्ट्रॅक्टरला सांगूनही पटत नाही. आणि हो, प्रत्येक लाकडावर खडूने नंबर घाला, उतरवण्याआधी फोटो काढा, एकदा उतरवून अंगणात ढीग घातला की कोणता कोनवासा कुठला हे ब्रह्मदेवाला कळत नाही.

या निमित्ताने एक सावधगिरी. अशा बंद घरांच्या बातम्या जुनं लाकूड घेणाऱ्यांना कशा लागतात देव जाणे, पण कोणीतरी येईल आणि ओटीचे खांब आणि देवघराचा दरवाजा यांचे रोख पैसे देऊ करेल, आणि सतरा जणांपैकी एखाद्याला ते पैसे बरे वाटतील. खांब गेले की घर गेलं. त्या खांबांवर वरची तुळई बसलीय, ते शोभेला नाहीत. एक विश्वासू शेजारी बघून त्याला किल्ली द्या आणि महिन्यातून दोनदा दारं उघडायला सांगा, हवा लागते हा त्यातला दुसरा फायदा.

कागदांचं आता. हे तुमचं खरं अवघड काम आहे, भिंतीपेक्षा अवघड. सहा माणसं गेलेली आहेत त्यांची वारस नोंद आधी करून घ्या, तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचे दाखले, वारसांची नावं, मग फेरफार पडतो. ते झाल्यावर नावं सतराची कमी होणार नाहीत, तीस होतील, घाबरू नका, पण निदान जिवंत माणसांची तरी होतील, मेलेल्या माणसाची सही कोणीच आणू शकत नाही. सातबाऱ्यावर "इतर हक्क" या रकान्यात काय लिहिलंय ते नीट वाचा, कुळाचं नाव, जुन्या सोसायटीचा बोजा तिथे असतो आणि कोणी बघत नाही. घर सातबाऱ्याच्या जमिनीत उभं आहे की गावठाणात हेही बघा. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा, नमुना ८, बहुतेकांकडे असतो आणि त्यांना वाटतं की घर आपल्या नावावर आहे, पण तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा म्हणून एकटा पुरत नाही. गावठाणात असेल तर २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका द्यायचं काम सुरू झालंय, तुमच्या गावात झालंय का विचारा.

आणि तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा, आणि हेही सांगा की वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, कायद्यात ती दुरुस्ती २००५ साली झाली आणि वडील त्याआधी गेले असले तरी मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे तुम्ही "माहेरच्या घरात" पैसे घालत नाही आहात, स्वतःच्या हिश्श्यात घालताय. पण इथेच खाचही आहे. तुम्ही एकटीने सगळा खर्च केलात म्हणून तुमचा हिस्सा वाढत नाही. उद्या घर सुंदर झालं की ज्याने एक कौल उचललं नाही तोही येऊन म्हणेल माझा वाटा द्या, आणि त्याचा वाटा असतोच. म्हणून काम सुरू करण्याआधी लेखी करार, कोण किती घालणार, पुढे वाटप झालं तर घालणाऱ्याच्या पैशाचं काय, वर्षातले कोणते दिवस घर कोणाकडे, सगळं वकिलाकडून लिहून रजिस्टर करा. ज्यांना नकोच आहे ते हक्कसोड पत्र करून देऊ शकतात, तेही रजिस्टरच व्हावं लागतं, साध्या कागदावर "माझी हरकत नाही" लिहून दिलेलं पुढे कामाला येत नाही. आगराच्या जमिनीचं वाटप सगळे राजी असतील तर तहसीलदाराकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली होतं, कोर्टात जावंच लागतं असं नाही.

सह्या कधी घ्यायच्या? गणपतीत. मुंबई, पुणे, सुरत, सगळीकडचे येतात. पण पहिल्या दिवशी काढू नका आणि जेवणाआधी तर अजिबात नाही, गौरी जेवल्या की दुपारी ओटीवर सगळे लोळत पडतात ती वेळ. आमच्या सासरच्या घराच्या वेळी मी फाइल घेऊन थेट आरतीनंतर उभी राहिले आणि एक चुलत सासरे जे उठून गेले ते दोन वर्षं बोलले नाहीत.

भिंतींबद्दल एकच हट्ट धरा, मातीच्या आणि चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा नाही. हे मी चूक करून शिकलेय. आम्ही मागची पडवी सिमेंटने गिलावली, गवंडी म्हणाला पन्नास वर्षं बघायला नको. दोन पावसाळ्यांत गिलावा पापडासारखा सुटला आणि त्याच्या आतली माती चिखल झालेली. झालं काय की माती आणि जांभा, म्हणजे आपला चिरा, दोन्ही ओल पितात आणि उन्हाळ्यात ती बाहेर टाकतात, सिमेंटने बाहेर पडायची वाट बंद होते, ओल आतच बसते, लाकडाची टोकंही त्याच ओलीत कुजतात. चुन्याचा गिलावा मऊ असतो, श्वास घेतो, तडा गेला तरी छोटा जातो. चुना मात्र हार्डवेअरच्या दुकानातली जुनी पडलेली पावडर आणून लगेच लावायचा नाही, कळीचा चुना आणून पाण्यात विझवायचा आणि निदान काही आठवडे पाण्याखाली मुरवत ठेवायचा, जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. त्यात जुने लोक गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालायचे. तो चुना घाण्यात बैल लावून मळायचे, आता मिक्सर चालतो. मातीच्या भिंतीला मातीचाच गिलावा, भाताचा पेंढा आणि शेण घालून, बाहेरून चुन्याचा हात.

तडे दिसतील. घरातले म्हणतील हा कोयनेच्या भूकंपाचा, ११ डिसेंबर १९६७ चा, आणि तो असूही शकतो, खेड-चिपळूणकडच्या कितीतरी घरांत तसे तडे दाखवतात. तडा किती जुना यापेक्षा तो अजून हलतोय का हे महत्त्वाचं. त्याच्यावर आडवी एक पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, शेजारी तारीख लिहा आणि एक पावसाळा जाऊ दे. काच फुटली तर पाया हलतोय, इंजिनिअर आणा. नाही फुटली तर चुन्याने बुजवा आणि विसरा.

छपराला जुनी कौलं जितकी शाबूत आहेत तितकी ठेवा, मंगलोरी कौलं १०० चौरस फुटाला साधारण दीडशे लागतात, त्या हिशेबाने कमी पडतील ती आजूबाजूला पाडलेल्या घरांची मिळतात, नवी आणि जुनी मिसळून एका पाखीवर घालू नका, मापात थोडा फरक असतो आणि तिथूनच गळतं. रीपा नव्या घ्या, त्यात काटकसर नको. लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावतात आमच्याकडे, वाळवीला ते आवडत नाही, पण हातमोजे घालून लावा, कातडी भाजते. कौलांखाली आतून पत्रा किंवा शीट टाकायची का हा प्रश्न तुम्ही नंतर विचारणारच, तर वानरांचा त्रास किती आहे त्यावर ठरवा. जिथे वानरं रोज छपरावर नाचतात तिथे मी सुद्धा तत्त्व बाजूला ठेवते. दर वर्षी मे महिन्यात घर शाकारावं मात्र लागेलच, फुटकी कौलं बदलणं, पाला काढणं, हे चुकलं की पुन्हा तेच.

सगळं वाचवायचा अट्टहास करू नका. मागची पडवी, गोठा, न्हाणीघर गेलं असेल तर जाऊ दे, तिथे नवं संडास-बाथरूम करा, सेप्टिक टाकी विहिरीपासून निदान पन्नास-साठ फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. वायरिंग सगळी नवी. भावाला बंगल्यासारखी सोय हवीय ती त्याला या मागच्या बाजूला मिळेल, आणि ओटी-माजघर-देवघर जसंच्या तसं उभं राहील, बहुतेक भावांचं एवढ्यावर समाधान होतं. त्याला एकदा मालगुंडला घेऊन जा, गणपतीपुळ्याच्या शेजारीच आहे. केशवसुतांचं जन्मघर तिथे कोकण मराठी साहित्य परिषदेने जपलंय, १९९४ मध्ये स्मारक झालं, साधं कौलारू घर आहे तुमच्यासारखंच. रत्नागिरीत टिळकांचं जन्मस्थानही बघा.

आगराचं दोन ओळीत. आधी विहीर उपसा, मग घरावर झुकलेले माड उतरवा नाहीतर निदान नारळ आणि झावळ्या वेळेवर काढून घ्या, आणि रान साफ करताना गडगा, म्हणजे दगडांची कुंपणाची भिंत, कुठून कुठे जातो ते शोधा. गडगा सापडला की हद्द कळते, मग भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज टाका. काम दिवाळीनंतर, भातकापणी आटोपल्यावर, माणसं तेव्हाच मिळतात, आणि मेच्या मध्यावर कौलं चढलेलीच पाहिजेत.

प्रश्न : आमचा वाई तालुक्यात वाडा आहे, पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. धाबं गळतं म्हणून त्याच्यावर सिमेंट काँक्रीटचा कोबा घालावा असं ठरतंय. चालेल का?
— सातारा

उत्तर : नाही चालणार, कृपया घालू नका. धाब्यावर आधीच मातीचा केवढा भार असतो, खाली तुळया, त्यावर किलचणं, म्हणजे आडव्या घातलेल्या लहान काठ्या-फळ्या, मग माती. त्या तुळया आता आतून किती खाल्ल्यात बघितल्याशिवाय वर काँक्रीट टाकलंत तर गळणं थांबेल कदाचित, पण एक दिवस धाबंच खाली येईल, आणि त्या खाली कोणीतरी झोपलेलं असेल. दर वर्षी नवी माती टाकत गेल्याने धाबं फूटभर जास्त जाड झालेलं असतं, ते आधी मोकळं करा, भार उतरवा. मग कुजलेल्या तुळया बदला, उतार नीट द्या, पाणी जायच्या पन्हळी साफ करा आणि वरचा थर जाणत्या माणसाकडून खारवट पांढऱ्या मातीचा करून घ्या. ते जमणारच नसेल, माणूसच मिळत नसेल, तर वर हलकं पत्र्याचं छप्पर चार फूट उंच उभं करा. दिसायला वाईट, मान्य, पण वाडा वाचतो आणि नंतर काढताही येतं. तुमच्या जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, अनेकदा गेला असाल, आता एकदा नुसतं लाकूडकाम आणि भिंती बघायला जा.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो, भारतीय पासपोर्ट आहे. सिंधुदुर्गात जुनं चिरेबंदी घर आणि दोन एकर बागायत विकायला आहे, एजंट म्हणतो काही अडचण नाही. घेऊ का?
— एक अनिवासी वाचक

उत्तर : एजंटला कधीच अडचण नसते. अनिवासी भारतीयाला भारतात शेतजमीन, बागायत आणि फार्महाउस विकत घेता येत नाही, वारसाने येऊ शकते, विकत नाही. शिवाय महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, ते वेगळंच. घर गावठाणात असेल किंवा बिनशेती झालेल्या जागेत असेल तर तेवढं घेता येऊ शकतं, पण दोन एकर बागायत त्याच्या शेपटाला बांधून नाही. भावाच्या नावावर घेऊ वगैरे कल्पना डोक्यात आली असेल तर वरच्या ठाण्याच्या ताईंचं पत्र पुन्हा वाचा, एका पणजोबाची सतरा नावं कशी झाली ते.

प्रश्न : आमच्या घराच्या कौलांच्या मागच्या बाजूला बासेल मिशन आणि १८६५ असं कोरलेलं आहे. म्हणजे घर दीडशे वर्षांहून जुनं ना? बोर्ड लावायचा विचार आहे.
— राजापूर

उत्तर : बोर्ड थांबवा. १८६५ हे बासेल मिशनने मंगलोरला जेप्पू इथे कौलांचा कारखाना काढला ते साल, तुमचं कौल भाजलं ते साल नाही. तो छाप पुढे कितीतरी वर्षं कौलांवर येत राहिला. शिवाय घर कौलांपेक्षा जुनंही असू शकतं, कारण मंगलोरी कौलं येण्याआधी कुंभाराचे नळे, म्हणजे अर्धगोल कौलं, असायचे नाहीतर गवताचं छप्पर, आणि नंतर कधीतरी ते बदलून कौलं घातली असतील. वाशांवर नळ्यांच्या वेळच्या जवळजवळ मारलेल्या रीपांच्या खिळ्यांच्या खुणा दिसतात का बघा, दिसल्या तर छप्पर एकदा बदललंय. वय शोधायचं तर पेटीतले जुने कागद काढा, मोडी असतील तर वाचणारे आहेत, आणि तहसील कार्यालयातून जुने फेरफार मागवा. छापाची कौलं मात्र जपा, छप्पर शाकाराल तेव्हा ती वेगळी काढून पुढच्या पडवीवर लावा, मागच्या बाजूला तुमच्याकडे फणसाचं झाड असणारच, फणस पडला की कौलं फुटतात.